गोधड्या, एरियल आणि माझा डावा हात

माझा डावा हात लुळा पडला ही बातमी अख्ख्या कोळवण खोऱ्याला कळली, तेव्हा मला स्वतःला त्याची काहीच कल्पना नव्हती. मी त्या वेळी त्याच हाताने पाठ खाजवत होतो. (घरात, दार लावून. बाहेर अंगणात खाजवली असती तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं.)

पण हाताकडे यायचं तर आधी आप्पांकडे यायला हवं, आणि आप्पांकडे जाताना मला नेहमीच जरा भीती वाटते.

आप्पा म्हणजे माझे सासरे. उभी हयात बिनतारी संदेशांच्या नोकरीत गेली. त्यामुळे दर शब्दाला पैसे पडतात अशा बेताने ते अजूनही बोलतात. मी त्यांच्या मुलीला, म्हणजे शैलाला, पाहायला गेलो तेव्हा सगळा कार्यक्रम आटोपल्यावर ते फक्त "ठीक" म्हणाले होते. ते माझ्याबद्दल म्हणाले की चहाबद्दल, याचा उलगडा शैलाला अजून झालेला नाही. मला तर विचारायचा धीरच झाला नाही.

आता ते आमच्याकडेच असतात, मुळशीतल्या कोळवणच्या घरी. त्यांच्याबरोबर त्यांचा रिसीव्हरही आला. आप्पा हॅम आहेत. हॅम म्हणजे हौस म्हणून घरबसल्या बिनतारी यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी गप्पा मारणारी माणसं. बोलायचं यंत्र त्यांनी वयापरत्वे एका तरुण हॅमला देऊन टाकलं; ऐकायचा रिसीव्हर मात्र ठेवला. हा रिसीव्हर माझ्याहून वयाने मोठा आहे. काळपट पत्र्याची पेटी, मोठाली बटणं, आत काचेचे व्हॉल्व्ह. उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक मी असलो तर तीन.

दर रविवारी सकाळी आप्पांचे जुने हॅम मित्र ठरलेल्या वेळी हवेत जमतात. प्रत्येक जण आपापल्या गावचं हवामान सांगतो, मग गुडघ्यांचं सांगतो. आप्पा कानाला हेडफोन लावून नुसते ऐकतात. सगळ्यांत लाडका मित्र म्हणजे मिरजेचे बापू. चाळीसेक वर्षांची मैत्री, आणि समोरासमोर भेटले ते दोनदाच. दोन्ही वेळा काय बोलावं ते दोघांनाही सुचलं नव्हतं म्हणे. गेल्या पावसाळ्यात बापूंच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं आणि ते हवेतून गायबच झाले. भाद्रपद संपता संपता निरोप आला, की येत्या रविवारी बापू परत बोलणार आहेत.

मी म्हटलं, त्यांना फोन करा की. आप्पा म्हणाले, "फोनवर माणूस आजारी असतो. हवेत आला की बरा." त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. त्यामुळे त्या रविवारचं त्यांच्या लेखी काय मोल आहे ते आम्हाला नीट कळलं.

नेमकं त्याच आठवड्यात आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. पुण्याला माझ्या मेहुण्याकडे राहायचं, ऑपरेशन करायचं आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचं. शेजारच्या बबनरावांच्या जीपमध्ये बसता बसता त्यांनी मला जवळ बोलावलं.

"रोज सकाळी चालू करा. अर्धा तास. हवा दमट आहे."

"हो आप्पा."

"आत हात घालू नका."

"छे छे."

जीप सुरू झाली. आप्पांनी हाताने ती थांबवली आणि म्हणाले, "घातलाच, तर एकच घाला."

"आणि दुसरा?"

"खिशात."

जीप गेली. मी फाटकाशी तसाच उभा राहिलो.

माझी भीती समजायची असेल तर माझा व्यवसाय कळायला हवा. मी आयुष्यभर एका विमा कंपनीत अपघाती मृत्यूचे दावे तपासले. माणूस कशाकशाने मरू शकतो याची माझ्याइतकी तपशीलवार माहिती फार थोड्यांना असेल. गिझरने, इस्त्रीने, ओल्या पायांनी फ्रीज उघडल्याने, एक जण तर आकाशकंदील लावताना. त्यामुळे दुसरा हात खिशात का, हे आप्पांनी सांगायची गरज नव्हती. दोन्ही हात आत असले तर वीज एका हाताने शिरते, दुसऱ्याने बाहेर पडते आणि वाटेत हृदयाला भेटून जाते. शिवाय व्हॉल्व्हच्या रिसीव्हरात म्हणे बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. बंद झाल्यावरही मारणारी वस्तू माझ्या घरात दिवाणखान्यात, माझ्या आरामखुर्चीपासून हाताच्या अंतरावर होती!

पहिले दोन दिवस नीट गेले. मी दुरून, लाकडी लाटण्याने बटण दाबायचो. डायलमागे दिवा लागायचा, व्हॉल्व्ह तांबूस व्हायचे आणि पत्र्यावर पाऊस पडावा तशी खरखर सुरू व्हायची. अर्धा तास मी खोलीच्या दारात उभा राहून पहारा करायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागला, व्हॉल्व्ह तांबूस झाले आणि पुढे काहीच झालं नाही. खरखर नाही, शिट्ट्या नाहीत, माणूस नाही. आतून नुसतं बारीक घुंई ऐकू येत होतं. मी सगळी बटणं लाटण्याने फिरवून पाहिली. रिसीव्हर मुका झाला होता, माझ्या राखणीत, आणि रविवार तोंडावर आला होता.

शैला म्हणाली, "आप्पांना फोन करा, ते सांगतील." मी म्हटलं, उद्या त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, अशा वेळी माणसाला धक्का देऊ नये. हे कारण इतकं चांगलं होतं की ते खरं नाही हे मीसुद्धा क्षणभर विसरलो. खरं कारण एवढंच, की आप्पा फोनवर गप्प बसले असते आणि ती शांतता मला ऐकावी लागली असती.

मग मीच दुरुस्ती करायची ठरवली. आधी प्लग काढला आणि कंडेन्सरातली वीज कंटाळून निघून जावी म्हणून रिसीव्हर पूर्ण दिवसभर तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पायात रबरी चपला घातल्या, खाली लाकडी पाट घेतला, उजव्या हातात भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवला. शैलाच्या हातात वेळूची काठी दिली आणि मी चिकटलोच तर काठीने मला ढकलायचं, हाताने अजिबात नाही, हे तिला नीट समजावलं. ती म्हणाली, "आधी एकदा सराव करून घेऊ का?" तिच्या आवाजात मला वाजवीपेक्षा जास्त उत्साह वाटला.

एवढ्यात लक्षात आलं, की माझ्या घरच्या पायजम्याला खिसाच नाही. सगळं काम अडलं. शेवटी शैलाने जुन्या ब्लाउजच्या जांभळ्या कापडाचा एक खिसा डाव्या बाजूला शिवून दिला. त्या जांभळ्या खिशात डावा हात गेला, तो त्या आठवड्यात फारसा बाहेर आलाच नाही. म्हणजे जेवताना, झोपताना यायचा. पण रिसीव्हरच्या खोलीत शिरायच्या आधीपासून तो आत असायचा आणि काम संपल्यावरही भीती ओसरेपर्यंत आतच राहायचा. भीती ओसरायला मला वेळ लागतो. तोवर मी फाटकापर्यंत जाऊन यायचो, दूध आणायचो, कोळवणच्या स्टँडवर चहा प्यायचो. सगळं एका हाताने.

झाकणाचे स्क्रू काढत होतो तेव्हा मागे खिडकीशी कुणीतरी आलं. बबनरावांच्या मंडळी, हिराबाई. त्या काहीतरी विचारत होत्या. माझा स्क्रूड्रायव्हर त्या क्षणी कंडेन्सरच्या अगदी शेजारी होता आणि मी श्वास रोखून धरला होता, त्यामुळे वळून न बघता मी जोरजोरात मान हलवली. त्या गेल्या. त्यांना काय हवं होतं, हा विचार माझ्या मनात आलाही नाही.

आतले व्हॉल्व्ह एकेक करून उपसायचे, त्यांचे पाय शाळेतल्या खोडरबराने घासायचे आणि परत बसवायचे, हे मी आप्पांना करताना पाहिलेलं होतं. पायांवर दमट हवेने गंज चढतो म्हणे. मी घाबरत घाबरत सगळे घासले. संपेपर्यंत दिवेलागण झाली होती. लाटण्याने बटण दाबलं. दिवा, तांबूस व्हॉल्व्ह, आणि लगेच दणदणीत खरखर! मागोमाग कुणीतरी कुठल्याशा परक्या भाषेत बातम्या देत होतं. मी शैलाला हाक मारली. तिने काठी खाली ठेवली आणि त्या संध्याकाळी मला न मागता कांदाभजी मिळाली.

सकाळी उठून मी मोठ्या रुबाबात खिडकी उघडली. छान ऊन पडलं होतं. घट बसायच्या आधीची धुणी सुरू झाली होती. नवरात्रापूर्वी घरातलं पांघरूण-अंथरूण सगळं धुऊन काढायचं ही इकडची रीत, आणि हिराबाईंचं खटलं मोठं. लाल, हिरव्या, निळ्या ठिगळांच्या गोधड्या ओळीने वाळत होत्या. ते दृश्य इतकं सुरेख होतं की मी त्याचा फोटो काढला आणि 'गावाकडची प्रसन्न सकाळ' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग वळून रिसीव्हर चालू केला. घुंई.

मी परत व्हॉल्व्ह घासले. घुंई. मग माझा संयम सुटला. (भित्र्या माणसाचा संयम सुटला की तो फार धोकादायक असतो. माझ्याकडे त्याचेही दावे आलेले आहेत.) या खेपेला मी सगळे व्हॉल्व्ह एकदम काढले आणि क्रम चुकू नये म्हणून एका ताटात ओळीने मांडून ठेवले. मग आतली जी जी तार सैल वाटली ती ती सोडवून ठेवली. हात एकच, दुसरा खिशात. एका हाताने तारा सोडवता येतात. परत जोडता येत नाहीत, हे मला उशिरा समजलं. तेवढ्यात पितृपंधरवड्याच्या स्वयंपाकासाठी शैलाला ते ताट हवं होतं. तिने व्हॉल्व्ह अलगद उचलून बटाट्याच्या टोपलीत ठेवले. एकही फुटला नाही, एवढं तिचं कौतुक करायला हवं. क्रम मात्र बटाट्यांनासुद्धा माहीत नव्हता.

त्याच दिवसांत माझ्या ध्यानात आलं की गावात लोक माझ्याशी फार प्रेमाने वागायला लागलेत. चहावाला कप पुढे न सरकवता माझ्या उजव्या हातात नीट धरवू लागला. बबनराव मला पाहिलं की धावत येऊन फाटक उघडून द्यायचे. हिराबाईंनी तर शैलाकडे डोंगरावरच्या वाडीतलं कसलंसं काळं तेल पाठवलं, 'दाजींना चोळा, अंगाला बरं असतंय' म्हणून. त्याला इतका उग्र वास होता की दोन दिवस आमच्या अंगणात कुत्रं फिरकलं नाही. पण नको म्हणायची भीती वाटली, म्हणून मी ते लावून घेतलं. इथे येऊन इतकी वर्षं झाली, अखेर लोकांनी आपल्याला आपलं मानलं, या विचाराने मला भरून आलं.

शुक्रवारी दुपारी बबनरावांची जीप फाटकाशी थांबली आणि तीतून आप्पा उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, यायला अजून एक दिवस बाकी असताना! मागोमाग मेहुणा, चेहरा पडलेला. मी ओसरीवर उभा होतो. अर्थातच डावा हात खिशात होता.

आप्पा सरळ माझ्याकडे आले, माझा डावा हात मनगटाला धरून त्यांनी खिशातून बाहेर काढला आणि आपली दोन बोटं माझ्या मुठीत दिली.

"दाबा."

मी दाबली.

"जोरात."

मी जोरात दाबली. आप्पांनी बोटं सोडवून घेतली, जरा झटकली आणि म्हणाले, "ठीक."

मेहुण्याने मग सगळं सांगितलं. कामासाठी पुण्याला आलेल्या बबनरावांनी त्याला फोन केला होता, की दाजींचा डावा हात गेलाय, तोंडानं काय सांगंनात, ताईंनी धीर धरलाय. आप्पांनी डॉक्टरांचं ऐकलं नाही, जेवण टाकून जीपमध्ये बसले. मला हे ऐकून लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. माझ्यासाठी आप्पा जेवण टाकून निघाले होते. आयुष्यभर ज्या माणसाला घाबरलो तो आपल्याला घाबरलाय, असा तो प्रकार होता.

हा आनंद फार टिकला नाही, कारण आप्पा आत गेले. टेबलावर रिसीव्हर झाकण उघडून बसला होता. तारा बाहेर लोंबत होत्या. शेजारी बटाट्यांची टोपली, टोपलीत व्हॉल्व्ह. आप्पांनी काळा चष्मा वर केला, पाहिलं आणि परत खाली केला.

मी म्हटलं, "आप्पा, हात मात्र एकच घातला होता."

"दिसतंय," आप्पा म्हणाले.

त्यांना वाकायची, वजन उचलायची आणि धुळीत जायची बंदी होती. म्हणजे रिसीव्हर परत जोडायचा तर तो मीच. शनिवारचा अख्खा दिवस मी पाटावर उभा आणि आप्पा खुर्चीत बसलेले, असा गेला. आधी त्यांनी लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला तार बांधून कंडेन्सरला टेकवायला लावला, आत वीज उरली असेल तर निघून जावी म्हणून. मी डोळे मिटून टेकवला. काही झालं नाही. आप्पा म्हणाले, "डोळे उघडून." परत टेकवला. मग टोपलीतला एकेक व्हॉल्व्ह त्यांनी मागून घेतला, अंगठ्याने चाचपला आणि कुठे बसवायचा ते सांगितलं. त्या दिवसभरात ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान केव्हा रागावतील याची धास्ती तरी संपली असती.

संध्याकाळी रिसीव्हर चालू केला. खरखर, शिट्ट्या, परकी गाणी, सगळं आलं. आप्पांनी बराच वेळ ऐकलं, हेडफोन काढून ठेवला आणि मला "जेवा" म्हणाले. मी पोटभर जेवलो आणि शांत झोपलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

रविवार उजाडला. स्वच्छ ऊन. आप्पा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून टेबलाशी येऊन बसले. आम्हालाही बापूंचा आवाज ऐकता यावा म्हणून त्यांनी हेडफोन काढून स्पीकर लावला. मंडळी जमायला थोडाच वेळ होता. मी, गरज नसतानाही, डावा हात खिशात घालून बटण दाबलं.

घुंई.

शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांची बोटं सदऱ्याचं वरचं बटण काढत होती, परत लावत होती. आप्पांना अशी चाळवाचाळव करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मिरजेला बापू बोलायला बसले असतील आणि इथे आमच्याकडे नुसतं घुंई. माझ्यामुळेच, असंच मला वाटलं.

आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "मागची एरियलची तार काढा." एरियल म्हणजे खिडकीतून बाहेर कडेच्या जांभळीपर्यंत ताणलेली तांब्याची उघडी तार. ती अंगणावरून, बबनरावांच्या आणि आमच्या मधल्या काटेरी तारेच्या कुंपणावरून जाते. मी तिचं टोक रिसीव्हरमागच्या खिळीतून काढलं.

"आता तिथे बोट लावा."

"कुठे?"

"खिळीला."

"चालू असताना?"

"चालू असतानाच."

मी शैलाकडे पाहिलं. काठी कोपऱ्यात होती, ती आणायला ती हललीही नाही. माझ्या डोळ्यांपुढून माझे सगळे दावे सरकत गेले; गिझर, इस्त्री, आकाशकंदील. मग मी आप्पांच्या बोटांकडे पाहिलं आणि डोळे उघडे ठेवून बोट टेकवलं.

'खर्रर्र' असा मोठा आवाज झाला. मी मेलो नव्हतो. आप्पा म्हणाले, "पेटी बरी आहे. बाहेर काहीतरी आहे." मी बोट काढू लागलो, तेवढ्यात खरखरीच्या तळाशी, फार लांबून, एक खोल म्हातारा आवाज आला. आप्पा ताडकन ताठ झाले.

"हलू नका," ते म्हणाले.

मी हललो नाही. माझं अंगच आता एरियल झालं होतं. मिरजेहून निघालेले बापू माझ्या बोटातून पेटीत शिरत होते. आवाज बारीक होता, मधेच बुडायचा, परत यायचा. मिरजेला उकाडा आहे. गुडघे ठीक. छाती शिवलीय, पण टाके गेले. मग जरा थांबून बापू म्हणाले, "मुळशीत कुणी ऐकत असेल, तर मी आहे अजून."

आप्पांनी काळा चष्मा काढला. "ठीक," ते म्हणाले. त्यांचे डोळे पुसायचीसुद्धा बंदी होती, म्हणून शैलाने कापसाने टिपले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण एक हात खिळीला आणि दुसरा खिशात, त्यामुळे मला ते तसंच वाहू द्यावं लागलं.

चष्मा काढलेलाच होता. आप्पांनी नव्या डोळ्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "ते लाल-हिरवं काय आहे?"

शैला म्हणाली, "हिराबाईंच्या गोधड्या, आप्पा."

"कशावर?"

मला वळून बघता येत नव्हतं आणि बघायची गरजही नव्हती. फोटो माझ्याच मोबाइलमध्ये होता. ओल्या गोधड्यांच्या वजनाने एरियल सकाळी वाकायची आणि कुंपणाच्या काटेरी तारेवर टेकायची. हवेतून आलेलं सगळं जमिनीत जायचं. संध्याकाळी गोधड्या घरात गेल्या की तार वर यायची. जाड गोधड्या एका उन्हात वाळत नाहीत, म्हणून सकाळी त्या परत तारेवर. मी आठवडाभर पेटीचं पोट फाडत होतो, आणि दुखणं बाहेर, ऊन खात बसलं होतं.

शैला धावत बाहेर गेली. हिराबाईंचा आवाज खिडकीतून आला, "आवं ताई, दाजींना इचारलं व्हतं की मी. म्हनलं, काल ही तार रिकामी दिसली म्हनून गोधड्या टाकल्या, आजबी टाकू का? तर त्यांनी लई जोरात मान हालवली." दोघींनी मिळून गोधड्या उतरवल्या. आप्पांनी स्वतः एरियलचं टोक खिळीत अडकवलं आणि बापूंचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा दणदणीत आला. मी मात्र बोट तसंच ठेवून उभा होतो. काढलं आणि पुन्हा घुंई झालं तर, या भीतीने.

हिराबाई माफी मागायला आत आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांनी पाहिलं ते असं: दाजी पाटावर उभे, डोळ्यांतून पाणी, एक बोट यंत्राला, लुळा हात खिशात आणि यंत्र गुरगुरतंय.

"करंट देतायत व्हय?" त्यांनी हळूच शैलाला विचारलं.

मी घाईघाईने बोट काढलं आणि दोन्ही हात जोडून त्यांना नमस्कार केला. हिराबाई डोळे विस्फारून माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. मग आल्या पावली परत फिरल्या. त्या पाठीवरून मला कळलं, की ही बातमी पहिल्या बातमीपेक्षा लवकर पोहोचणार.

तसंच झालं. निम्मं खोरं म्हणतं दाजींचा हात तेलाने आला, निम्मं म्हणतं म्हाताऱ्याच्या पेटीने. कुणाचा गुडघा धरला, कुणाची मान आखडली की माणसं आप्पांकडे येतात. "पेटी ऐकायची आहे," एवढंच सांगून आप्पा त्यांना परत पाठवतात. एरियल आम्ही उंच बांधली आहे. हिराबाईंना धुण्यासाठी वेगळी तार दिली आहे. घुंई परत झालेलं नाही. तरी दर रविवारी, बापूंची पाळी आली की, आप्पा माझ्याकडे न बघता म्हणतात, "जावईबापू, बोट." त्यांच्या मते त्याने आवाज जरा मोकळा येतो. खरं-खोटं विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. मी पाटावर उभा राहतो, बोट लावतो, दुसरा हात जांभळ्या खिशात घालतो. एवढंच, की परवा गुपचूप माझी स्वतःची विमा पॉलिसी काढून बारीक अक्षरांतल्या अटींसकट वाचली. एरियल म्हणून कामावर असताना आलेल्या मृत्यूचा तीत कुठेही उल्लेख नाही. आणि मी कंपनीत असतो, तर असला दावा मीच पहिल्यांदा फेटाळला असता.